पहाटेचं बटण

मैना काय नोकरी करते असं बाजारात कुणी विचारलं, की तिची आई सुगंधाबाई हातातला तराजू खाली न ठेवता सांगायची, "कंपुटर चालू करते." बायकांना ते पटायचं नाही. चालू करायचं म्हणजे एक बटण दाबायचं, त्याचा कोणी पगार देतो होय? पण त्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार पाच साली, मैनाच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम तेवढंच होतं.

मैनाच्या गावापासून, चिचटोल्यापासून, कोसभरावर एका बियाणे कंपनीचं धानाचं प्रयोगाचं शेत होतं. कंपनीला उन्हाळी धानावर करपा रोग कधी पडतो ते आधीच ओळखायचं होतं. करपा येतो पहाटेच्या दवावर. म्हणून बांधावर एक खांब रोवून त्यावर हवा, ओल आणि ऊन मोजणारं यंत्र बसवलं होतं, आणि त्याची वायर टिनाच्या छपराखालच्या ऑफिसात कॉम्प्युटरपर्यंत आणली होती. यंत्राला स्वतःची आठवण नव्हती. कॉम्प्युटर चालू असला तर ते आकडे पाठवायचं, बंद असला तर आकडे वाऱ्यावर जायचे.

शेताचे साहेब गुणवंतराव. ते ब्रह्मपुरीहून मोटरसायकलने यायचे. त्यांनी सुरुवातीला कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवून पाहिला. पण लोडशेडिंगचे दिवस. रात्री लाइन गेली की तासन्‌तास यायची नाही, आणि इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पहाटेच्या आधीच मान टाकायची. मग कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा, आणि कधी कधी जमवलेले आकडेही सोबत घेऊन जायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, अंधार पडला की बंद करायचा आणि उजाडायच्या आधी चालू करायचा. त्यासाठी माणूस पाहिजे होता. मैना बारावी झालेली होती, सिंदेवाहीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली होती, आणि तिच्याकडे सायकल होती.

माघात रोवणी झाली तेव्हापासून ती अंधारात निघायची. थंडी होती, पण रस्ता ओळखीचा होता. ऑफिसचं कुलूप काढायचं, बटण दाबायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा, यंत्राचा प्रोग्राम सुरू करायचा आणि पडद्यावर पहिला आकडा उमटला की मग स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसायचं. दिवसभर बाकीची कामं, लोंब्या मोजणं, नोंदी करणं. संध्याकाळी दवाचे आकडे येईपर्यंत पुन्हा थांबायचं आणि अंधार झाल्यावर बंद करून, गावाकडे परतणाऱ्या मजुरांच्या सोबतीने घरी. तिला काम आवडत होतं. घरात पहिल्यांदाच कुणी सावलीत बसून पैसे मिळवत होतं.

मग फागुन सरला आणि मोह गळायला लागला.

चिचटोला आणि शेत यांच्यामध्ये जंगलाचा एक पट्टा होता आणि त्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोहाची झाडं. पहाटे त्यांच्याखाली फुलांचा सडा पडतो. माणसं तो वेचायला येतात आणि अस्वलंही येतात. दरवर्षीचंच होतं ते. पण त्या वर्षी शेजारच्या गावच्या एका बाईवर अस्वलाने झडप घातली. बाई वाचली, पण तिचा चेहरा पाहून आलेल्या माणसांनी घरी येऊन आपल्या बायकापोरींना सांगितलं, आता ऊन पडल्याशिवाय मोहाखाली जायचं नाही. त्यामुळे झालं असं, की पहाटेच्या रस्त्यावर आधी जी माणसं दिसायची, झाडाखाली जे कंदील दिसायचे, ते सगळे नाहीसे झाले. रस्त्यावर राहिली एकटी मैना.

तिचा बाप उमाजी तलावात मासे धरायचा. पहाटे जाळी उचलायची त्याचीही वेळ तीच. बातमी आली त्याच्या दुसऱ्याच पहाटे मैना सायकल काढायला गेली तर हा अंगणात तयार, एका हातात तेलाचा रिकामा डबा आणि दुसऱ्या हातात काठी.

"बाबा, तुमी कुठी चालले?"

"तुयासंग."

"आन जाळे?"

"जाळे कुठी पळून नाई जात."

जाळी पळून जात नाहीत हे खरं, पण मासे उन्हात टिकत नाहीत. उमाजी तिला पोचवून, तिथून परत येऊन तलावावर जाईपर्यंत ऊन चढायचं. जाळ्यात मेलेले मासे फुगायचे, काहींना कासवांनी कुरतडलेलं असायचं. सुगंधाबाई बाजारात मागे बसायला लागली, कारण ताजी मासळी घेऊन पुढे बसणाऱ्या दुसऱ्या होत्या. तरी उमाजी पोचवायला येतच राहिला.

रस्त्याने उमाजी डबा वाजवत चालायचा आणि मैना सायकल ढकलत बाजूने. "बोलत राह्य," तो सांगायचा. "अस्वलाले आपण येऊन राह्यलो हे दुरूनच समजलं पायजे. अचानक समोर आलो का थे बिथरते." पण रोज रोज मोठ्याने बोलायचं तरी काय? मैना कोर्समध्ये शिकलेलं मोठ्याने सांगायची, माऊस काय, फाइल काय. उमाजी ओरडून विचारायचा, "मंग थे फाइल दिसत नाई तं ठेवते कुठी?" बोलायचं संपलं की तो माशांची नावं घ्यायचा. मरळ! कतला! वाघूर! असं ओरडत बापलेक अंधारातून जायचे, आणि जंगल संपून शेताचं कुंपण दिसलं की दोघांचाही आवाज आपोआप खाली यायचा.

काही दिवस असे गेले. मग एका ढगाळ पहाटे ते झालं.

वळणावरच्या मोठ्या मोहाखाली काहीतरी काळं हाललं. उमाजीने डबा जोरात वाजवला. काळं जागचं हटलं नाही. मैनाने टॉर्च तिकडे धरला. अस्वल होतं, मादी, आणि तिच्या पाठीवरच्या केसांत तोंड खुपसून एक पिल्लू बसलं होतं.

उमाजीने मैनाला सायकलसकट मागे ढकललं आणि स्वतः पुढे झाला. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याच्या फुसफुसण्याचा आवाज आला, ओल्या केसांचा आणि मोहाचा मिळून एक आंबूस वास आला. उमाजीच्या हातातला डबा खाली पडला. मग तो बोलायला लागला. नंतर त्याला स्वतःला त्यातलं काही आठवेना, पण मैनाला शब्दन्‌शब्द आठवत होता.

"जा माय, जा. आमी तुले काई करत नाई. तू तुयं लेकरू घेऊन जा, मी मायं घेऊन जातो. जा माय."

किती वेळ गेला कोण जाणे. अस्वल खाली टेकलं. त्याने तोंड वळवलं आणि पाठीवरचं पिल्लू हिंदकळवत ते झुडपांत शिरलं. फांद्या मोडल्याचा आवाज दूर दूर जात राहिला. उमाजी तोंड तिकडेच ठेवून मागे मागे सरकत होता, आणि तसाच रस्त्याकडेच्या नालीत पडला. अस्वलाने त्याला नखही लावलं नव्हतं. गुडघा मात्र असा पिरगळला की त्याला उठता येईना.

गावापेक्षा शेत जवळ होतं. मैनाने त्याला कसंबसं सायकलच्या डंडीवर टेकवलं आणि ढकलत ढकलत शेतावर आणलं. ऑफिसचं कुलूप काढलं, बापाला खाटेवर निजवलं. आधी जाऊन बटण दाबलं, पासवर्ड टाकला, पहिला आकडा आलेला पाहिला, आणि मग खाटेच्या पायाशी बसून ती हमसून हमसून रडली.

"झालं का चालू?" उमाजीने विचारलं.

"झालं."

"मंग रडतं काऊन?"

गुणवंतराव आले तेव्हा उमाजीचा गुडघा नारळाएवढा झाला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लगेच त्याला मोटरसायकलवर बसवलं, मागे आधाराला शेतावरचा गडी पोचू बसला, आणि ते सिंदेवाहीला दवाखान्यात गेले. हाड मोडलं नव्हतं. पट्टी बांधून डॉक्टरांनी चालायचं बंद केलं.

संध्याकाळी घरी सुगंधाबाईने नवऱ्याच्या गुडघ्यावर शेकाचं फडकं ठेवता ठेवता सांगून टाकलं, "चुलीत घाल थे नोकरी. मले पोरगी पायजे, नोकरी नाई पायजे."

"नोकरी सोडायची नाई," उमाजी म्हणाला.

"मंग उद्या कोन जाईन तिच्यासंग? तू? लंगडत?"

उमाजीने गुडघ्यावरचं फडकं सारखं केलं. कुणाची बाजू घ्यावी ते मैनाला कळेना. आई-बाप दोघांचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ऊन पडल्यावर शेतावर गेली. कॉम्प्युटर चालू होता. गुणवंतराव टेबलाजवळ बसले होते, डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. रात्री ते ऑफिसातच झोपले होते.

"उजाडल्याशिवाय निघायचं नाही आता," ते म्हणाले. "हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. मला ब्रह्मपुरीत बसून तुमचा रस्ता दिसला नाही."

"पण साहेब, तुमी रोज इथी झोपसान?"

"काही दिवस झोपतो."

काही दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही माहीत होतं. गुणवंतरावांची आई घरी अंथरुणाला खिळलेली होती आणि रात्री तिला उठवायला-बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारणीला सांगून ते आले होते. तिसऱ्या दिवशी ते जरा अडखळत म्हणाले, "मैना, पहाटेचे आकडे नाही गेले तर कंपनी यंत्र दुसरीकडे हलवेल. आणि यंत्र हललं तर तुझी जागा..." वाक्य तसंच सोडून ते बांधावर निघून गेले.

मैनाने त्या दुपारी सुट्टी मागितली आणि जीप पकडून सिंदेवाही गाठली. तिथे साधना मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. मैना तिथेच शिकली होती. काय विचारायचं हे तिने नीट ठरवलंही नव्हतं. कदाचित दुसरी नोकरी कुठे आहे का, एवढंच. पण साधना मॅडमने पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला, आणि मैनाने अस्वलापासून सगळं सांगून टाकलं.

साधना मॅडमने तिला मध्येच थांबवलं. "म्हणजे तुला फक्त त्या वेळी तो चालू व्हायला पाहिजे?"

"हो. आन प्रोग्राम सुरू व्हायले पायजे."

"तू तिथं असायची गरज नाही?"

"बटण कोन दाबन मग?"

"थांब जरा," मॅडम म्हणाली. "मी स्वतः कधी केलं नाही. पण नागपूरला ट्रेनिंगला होते तेव्हा एकाने दाखवलं होतं असं आठवते. कॉम्प्युटर आपला आपण उठतो. गजर लावल्यासारखा."

तिने कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि विंडोज यायच्या आत एक बटण दाबत राहिली. विंडोजऐवजी निळा पडदा आला, पांढऱ्या अक्षरांचा. मैनाने तो कधी पाहिला नव्हता. इथे माऊस चालत नव्हता. बाणांची बटणं दाबत दोघी एकेक पान उघडत गेल्या. बरंचसं काय आहे ते मॅडमलाही कळत नव्हतं, आणि तिने ते लपवलं नाही. "हे नाही. हेही नाही. याला हात नको लावू." मग विजेच्या पानावर एक ओळ सापडली : रिझ्यूम बाय अलार्म, म्हणजे गजराने उठणं. तिच्यापुढे 'बंद' असं होतं. मॅडमने ते 'चालू' केलं, आणि खाली तारीख आणि वेळ टाकायची जागा उघडली.

"रोजसाठी काय टाकायचं?" मॅडम स्वतःशीच म्हणाली. तारखेत शून्य टाकलं की समोर 'रोज' असं आलं.

भिंतीवरच्या घड्याळात पाहून त्यांनी थोडी पुढची वेळ टाकली, सगळं जतन केलं आणि कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. मॅडमने खालून चहा मागवला. दोघी पेले हातात धरून त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसल्या. चहावर साय धरली तरी कुणी घोट घेतला नाही.

"नाई होत वाटते," मैना म्हणाली.

आणि तेवढ्यात कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घुरघुरला. हिरवा दिवा लागला. कुणी हात लावला नव्हता. अक्षरं सरकली, विंडोज आली आणि ओळखीचं आभाळ पडद्यावर पसरलं.

मैनाने तोंडावर हात ठेवला. मग ती एकदम हसायला लागली, आणि मॅडमही, इतकी की खालच्या दुकानदाराने वर डोकावून पाहिलं.

बाकीचं सोपं होतं, निदान निळ्या पडद्यापेक्षा. कॉम्प्युटर उठला तरी नाव-पासवर्डाशी अडून बसेल, म्हणून तो विचारणं बंद कसं करायचं ते मॅडमने दाखवलं. यंत्राचा प्रोग्राम आपोआप सुरू होण्यासाठी तो कुठे ठेवायचा ते सांगितलं. आणि संध्याकाळी ठरल्या वेळी कॉम्प्युटरने स्वतः बंद व्हावं यासाठी विंडोजमध्येच वेळापत्रकाची जागा होती, तीही दाखवली. मैनाने तिथल्या तिथे सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा करून पाहिलं. परतीच्या जीपमध्ये ती डोळे मिटून एकेक पायरी मनात घोळवत होती. शेजारच्या बाईला वाटलं, पोरगी जप करते आहे.

गुणवंतरावांनी ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आशा आणि भीती दोन्ही एकदम आली. "कंपनीचा कॉम्प्युटर आहे, मैना. बिघडला तर?"

"बिघडाचं काई नाई साहेब. मी दुसऱ्या कशाले हातच लावत नाई."

ते खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले. निळा पडदा आला तेव्हा ते पुढे वाकले. मैनाने बाणाची बटणं सावकाश दाबली. इथली पानं क्लासमधल्यासारखी नव्हती, ओळी वेगळ्या जागी होत्या. ती क्षणभर घाबरली. मग गुणवंतरावांनीच बोट ठेवलं, "हे बघ, अलार्म, इथं आहे." पहाटेची वेळ टाकली. संध्याकाळची वेळ वेळापत्रकात टाकली. त्या दिवशी दोघांनी चारदा करून पाहिलं, चारही वेळा कॉम्प्युटर आपोआप उठला.

"आज मी घरी जातो," गुणवंतराव म्हणाले. "एका दिवसाचे आकडे गेले तर गेले, त्याचं मी पाहून घेईन. तू अंधारात निघायचं नाही. काही झालं तरी."

मैना घरी आली. पण त्या पहाटे तिला झोप कुठची? नेहमीच्या वेळेला डोळे उघडलेच. उमाजीही जागा होता, भिंतीला पाठ लावून.

"झाला असन?" त्याने हळूच विचारलं.

"झाला असन."

फोन नव्हता, कुणाला विचारायची सोय नव्हती. दोघं उजाडायची वाट पाहत बसून राहिले. छपराच्या फटीतून उजेड आला तशी मैना उठली आणि सायकलवर टांग टाकून निघाली. मोहाखाली आता गावातल्या बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या, कुणीतरी हाक मारली, पण ती थांबली नाही. कुलूप काढलं, आत गेली.

पडदा काळा होता. हिरवा दिवा नव्हता. पंख्याचा आवाज नव्हता.

तिने बटण दाबलं. तरीही काही नाही. तिने पुन्हा दाबून पाहिलं. बिघडवला आपण. निळ्या पडद्यात काहीतरी नको ते दाबलं गेलं. ती तशीच खुर्चीवर बसून राहिली. पोचू आला, त्याने दारातून डोकावून विचारलं, "काऊन बाई, तब्येत बरी नाई का?"

"मशीन चालू नाई होऊन राह्यली पोचूभाऊ."

"होईन कशी?" पोचू आत आला आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला. "बटन बंद हाय ना." त्याने खटका दाबला. डब्यातला पंखा घुरघुरला.

मैना त्याच्याकडे पाहतच राहिली. "हे कोनं बंद केलं?"

"मीनंच. काल तुमी लवकर गेल्या ना जी. सांजचं पानी फिरवून कुलूप मीच लावलं, तवा. साहेबानंच सांगतलं होतं, जाताना भितीवरचे सारे बटन बंद कर म्हून." पोचूचा चेहरा हळूहळू उतरला. "काऊन, चुकलं का काई?"

काही चुकलं नव्हतं. कॉम्प्युटर बंद असला तरी त्याच्या पोटातला गजर वाजायला थोडी वीज लागते, झोपलेल्या माणसाला श्वास लागतो तशी. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो श्वासच जायचा. हे मैनाला साधना मॅडमने सांगितलं होतं, पण साहेबांनी पोचूला ती बटणं बंद करायला सांगितल्याचं तिला ठाऊक नव्हतं, कारण आजवर शेवटी कुलूप लावून तीच निघायची. गुणवंतराव आले आणि त्यांनी ऐकून कपाळावर हात मारला. "पोचू, सांगितलं मीच होतं रे बाबा. आता हे एवढं सोडून बाकीचे बंद कर."

"हे सोडून," पोचूने पक्कं करून घेतलं, आणि संध्याकाळी त्या बटणाला बोट लागू नये म्हणून शेणाने लिंपतात तशी चिकटपट्टी वरून लिंपून टाकली. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही तेवढी वीज काहीच नव्हती. रात्री लाइन गेली तरी ती पुरणार होती.

त्या संध्याकाळी मैना मुद्दाम थांबली. गुणवंतरावांनी तिला गावापर्यंत सोडायचं कबूल केलं होतं. बाहेर अंधार उतरला, धानावर ओल जमायला लागली, आणि ठरल्या वेळी कॉम्प्युटरने तिची परवानगी न घेता प्रोग्राम मिटला, विंडोज मिटली आणि पडदा काळा करून टाकला. पोचू म्हणाला, "झोपली." तिघांनीही मग उगाच हळू आवाजात बोलत दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मैनाला उशीर झाला. रात्री लाइन गेली होती, म्हणजे आज खरी परीक्षा होती, आणि कदाचित त्याच भीतीने ती घरातच रेंगाळली होती. सुगंधाबाईने अंगणात तिच्या सायकलीला हात लावून सांगितलं, "नाई झालं तं नाई झालं, पोरी. जीवाले लावून नको घेऊ."

शेताच्या फाटकाजवळ पोचू उभा होता. तिला पाहून तो धावतच आला. म्हातारं माणूस, धोतर एका हाताने सावरत.

"बाई, बाई! तुमची मशीन आपल्या मनानंच चालू झाली!"

"कवा?"

"अंधारातच! मी आज भिनसारे आलो, पानी सोडाले. पाहतो तं खिडकीत उजेड! कुलूप तसंच. मी म्हनलं कोन हाय रे आत? कोनी बोलन तवा ना! मंग आठवलं मले. तसाच खिडकीले नाक लावून उभा राह्यलो. आकडे, बाई! एकाखाली एक, एकाखाली एक."

मैनाने सायकल तिथेच सोडली. धावत जाऊन कुलूप काढलं. पडद्यावर आकडे होते. अगदी पहाटेच्या काळोखातला पहिला, मग त्यानंतरचा, त्यानंतरचा. पानांवर दव होतं तोवरची ओल, मग ऊन आल्यावर ती उतरत गेलेली. एकही जागा रिकामी नव्हती. ज्या वेळी ती घरात गोधडीखाली होती, त्या वेळचे आकडे इथे तिच्याशिवाय आले होते.

ती खुर्चीवर बसली आणि तिने एक लांब श्वास सोडला. फागुन सरल्यापासून कुठेतरी छातीत अडकून बसलेलं काहीतरी त्या श्वासाबरोबर बाहेर पडलं. पोचू दारात उभा राहून हसत होता. त्याला वाटलं आता ती रडेल, पण ती रडली नाही. तिने दोन्ही हात डोक्यामागे बांधले, पाय लांब केले आणि म्हणाली, "पोचूभाऊ, चहा मांडा."

गुणवंतरावांना तिने काही सांगायच्या आधीच त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. ते आत येऊन नुसते उभे राहिले. "आईला सांगतो," ते म्हणाले, "आता रोज रात्री घरी असेन म्हणून." मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि वडिलांचा गुडघा?"

गुडघा हळूहळू उतरला. उमाजी आधी काठी टेकत अंगणात फिरला, मग तलावापर्यंत गेला, आणि एका पहाटे, घरातले उठायच्या आत, आपल्या जाळ्यांकडे निघून गेला. परतला तेव्हा टोपलीत मरळ उड्या मारत होती. सुगंधाबाईने टोपली डोक्यावर घेताना त्याला काहीतरी म्हटलं, ते मैनाला ऐकू आलं नाही, पण दोघं हसत होते.

मैनाला मात्र सवय मोडायला वेळ लागला. बरेच दिवस तिला अंधारातच जाग यायची. ती अंथरुणात पडून राहायची आणि मनात मोजायची, आता पंखा घुरघुरला असेल, आता अक्षरं सरकत असतील, आता पहिला आकडा. उजाडलं की ती जायची आणि आधी पडदा पाहायची, मग चप्पल काढायची. पडदा रोज भरलेला असायचा. एकदा दिवसभर लाइन नव्हती आणि बॅटरी उतरली, तेवढा एकच दिवस रिकामा गेला. गुणवंतरावांनी कंपनीला तसं कळवलं आणि कंपनीने नवी बॅटरी पाठवली.

उन्हाळी धान कापणीला आलं. एका सकाळी सुगंधाबाई चुलीपाशी बसून तांदळाच्या पिठाचा घावन टाकत होती. मैना दारात बसून खात होती. अंगणात चांगलं ऊन आलं होतं, समोरच्या घरची पोरं आंघोळी करून शाळेला निघाली होती. तिने दुसरा घावन मागितला.

"झाली असन का गं चालू?" आईने तव्यावरून नजर न काढता विचारलं.

"काय?"

"तुयी मशीन."

मैनाने घास चावायचा थांबवला. ती उन्हाकडे पाहत राहिली. आज तिला आठवणच झाली नव्हती. उठल्यापासून एकदाही नाही.

"झाली असन," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं.